लाल गाडीतला उंदीर

त्या वर्षीच्या मे महिन्यात नागपूरच्या लकडगंजात असं ऊन पडलं की दुपारी विजेच्या खांबाची सावली खांबाला सोडून आमच्या छपराखाली येऊन बसायची. नळाला पाणी आलं की बायका सरळ त्यात तुरीची डाळ टाकायच्या. कोणाला खोटं वाटत असेल तर त्यानं मे महिन्यात इथं यावं, आणि परत जाण्याइतका शाबूत राहिला तर मग बोलावं.

छप्पर माझं नाही. छप्पर, ओंडके चिरायची आरामशीन आणि वखारीतली लाकडं देवरावची. मी मारोतराव, त्याच्याकडे जन्मभर लाकडांची मापं घेतली. आता डोळ्यांना टेपवरचे आकडे दिसत नाहीत, पण बाक तोच आहे आणि चहा दोन वेळा येतो, म्हणून मीही येतो.

देवरावचं नाव होतं ते त्याच्या कानासाठी. जंगल डेपोच्या लिलावात बाकीचे व्यापारी लाकडाचा घेर पाहायचे. हा कुऱ्हाडीचा मागचा भाग ओंडक्यावर ठोकायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. आतून पोकळ आहे की भरीव, त्याला चिरायच्या आधी कळायचं. एकदा त्यानं ओंडका ठोकून सांगितलं होतं की या झाडावर पोपट राहत नव्हते, साळुंक्या राहत होत्या. हे मात्र मी सोडून कोणी ऐकलेलं नाही.

तर या माणसाच्या घरात त्या मे महिन्याच्या आधीच्या हिवाळ्यात अंधार होता. मुलगी गुंजन लग्न होऊन सिंगापूरला गेलेली, ती फक्त मोबाइलवर दिसायची. मुलगा रजत पुण्याची कंपनी बंद पडली म्हणून परत आला आणि आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. शोभाताई, म्हणजे देवरावची बायको, दाराशी ताट ठेवायची आणि संध्याकाळी तेच ताट उचलायची. रजतचा एक मित्र मस्कतला होता. तो रोज म्हणायचा, ये इकडे, जागा आहे. आणि शोभाताई रोज देवाला म्हणायची, "एक मोबाइलमधी गेली, दुसरा तरी घरात दिसू दे."

मग एक दिवस पोरगं खोलीतून बाहेर आलं आणि बापासमोर बसलं.

"बाबा, नवरदेवाले आता घोडी नाही चालत. त्याले दोन दरवाज्याची लाल गाडी पायजे. आवाज करणारी. फोटोत दिसणारी. नागपुरात अशी किरायानं देणारं कोणी नाही."

"अन् तुझ्यापाशी हाय का तशी?"

"हैदराबादले एक भेटून राहिली. जुनी हाय, पण कंपनीची हमी बाकी हाय."

वखारीच्या मागच्या कोपऱ्यात देवरावचा जुना सागवान होता. स्वतःचं घर बांधीन तेव्हा दारं करीन म्हणून ठेवलेला, आम्ही त्याला हातसुद्धा लावायचो नाही. तो त्यानं विकला. गाडी आरामशिनीच्या नावानं घेतली. बापलेकांत ठरलं ते असं, की हा लग्नाचा सीझन पाहायचा. जमलं तर रजत इथंच राहील. नाही जमलं तर मस्कत.

गाडी आली. तिचं नाव मी घेत नाही, मोठ्या लोकांच्या वस्तू आहेत. ती सुरू झाली की वखारीतले ओंडके थरथरायचे आणि शेजारच्या प्लायवूडवाल्याच्या शटरला आपोआप कुलूप लागायचं. रात्री तिला लाकडांच्या दोन थप्प्यांच्या मधे ठेवायचे, कारण तिथं सावली होती. रजत तिच्याशी बोलायचा. मग आमच्याशीही बोलायला लागला. जेवायला बसायला लागला. शोभाताईनं एकदा मला बोलावून दाखवलं, "पाहा भाऊजी, पोरानं तिसरी पोळी मागितली." ती पोळी ती अशी घेऊन चालली होती की जणू आरतीचं ताट आहे.

मार्च गेला, एप्रिल गेला. लग्नांच्या तारखा भरल्या.

मे महिन्यात बुटीबोरीच्या पुढं एक लग्न होतं. भर दुपारी. नवरदेव शेरवानीत रजतच्या शेजारी बसलेला आणि वर्धा रोडवर त्या गाडीनं आधी एक शिंक दिली, मग पांढरी वाफ सोडली, आणि मग आतून असा आवाज आला म्हणे की लोखंडानं लोखंडाला चावलं. तिथून गाडी हलली नाही. नवरदेवाला मागून येणाऱ्या पाण्याच्या टँकरवर बसवून मांडवात नेलं. नवरीकडच्यांनी नवरदेवाच्या आधी टँकरला ओवाळलं, कारण त्यांच्याकडचं पाणी संपलं होतं. पण रजत रस्त्यावरच उभा राहिला. गाडी उचलणारा ट्रक येईपर्यंत तो त्या उन्हात तिच्यापाशी थांबला, आणि घरी आला तेव्हा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता. त्या रात्री दाराशी पुन्हा ताट आलं.

दुसऱ्या दिवशी देवराव नको ते बोलला. "पळवली असन तू तिले जोरात. नवरदेवासमोर हुशारी."

"मी ऐंशीच्या वरती नाही गेलो, बाबा."

"मंग इंजिन काय रुसलं का?"

पोरगं उठून निघून गेलं.

गाडीवर हमी होती, एवढा एक आधार होता. इंजिनाचा आपला स्वतःचा दोष निघाला तर कंपनी नवं इंजिन देणार होती. बाहेरून काही झालेलं निघालं तर काही देणार नव्हती. म्हणजे रजत राहतो की जातो, ते त्या इंजिनाच्या पोटात काय निघतं त्यावर होतं.

वर्कशॉप वर्धा रोडलाच. आत एवढं थंड की मी तिथं शाल मागितली. तिथला मॅनेजर धर्मेंद्र, टाय लावलेला, हळू बोलणारा माणूस. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात ना, तसं त्यानं आम्हाला बाजूला घेतलं.

"अंकल, कम्प्युटर लावून पाहिला. कम्प्युटर म्हणतो, खूप काही गेलं आहे. पण कशानं गेलं ते इंजिन खोलल्याशिवाय समजणार नाही."

"तं खोला."

धर्मेंद्रनं खोलायचा खर्च सांगितला. त्या पैशात आमच्या आरामशिनीचं नवं पातं आलं असतं, मोटर आली असती, आणि मोटर बसवणाऱ्याच्या पोरीचं लग्न झालं असतं.

"फक्त पाहायचे एवढे?" मी म्हणालो. "दुरुस्त करायचे नाही?"

"फक्त पाहायचे, अंकल. अन् हमीत बसलं नाही तर ते परत नाही भेटणार."

देवराव गाडीपाशी गेला. सवयीनं खाली वाकला आणि बोटाच्या गाठीनं बोनटवर ठोकलं, डोळे मिटून. तिथली पोरं हसली. मी त्याचा चेहरा पाहत होतो, मला हसू आलं नाही.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही म्हणत नाही गा." मग तो धर्मेंद्रकडे वळला. "आमच्या धंद्यातबी असंच हाय साहेब. पैसे आधी मोजायचे, लाकूड मंग चिरायचं. खोला."

वर्कशॉपातून बोलावणं आलं त्या दिवशी रजत आमच्यासोबत नव्हता. ज्यांच्या तारखा घेतल्या होत्या त्यांच्या दारोदारी जाऊन तो हात जोडत होता. मी आणि देवराव स्कूटरवर गेलो.

इंजिन टेबलावर मांडलेलं होतं, हरतालिकेच्या पूजेसारखं, सगळं वेगवेगळं. धर्मेंद्रनं एक पिस्टन दाखवला. त्याच्या अंगावर ओरखडे होते. मग एक काळा रबरी पट्टा दाखवला, त्याच्या चिंध्या झालेल्या. हा पट्टा इंजिनात पाणी फिरवणारा पंप चालवतो. पट्टा तुटला, पंप थांबला, पाणी फिरणं बंद झालं, आणि उन्हात धावणारं इंजिन आतल्या आत तापून जाम झालं. एवढं माझ्यासारख्यालाही समजलं.

"अन् पट्टा काहून तुटला?" देवरावनं विचारलं.

धर्मेंद्रनं एका पांढऱ्या ट्रेवरचं झाकण काढलं.

ट्रेमध्ये कापडाचा एक बोळा होता. तेलानं काळा झालेला, पण एका टोकाला मूळ रंग राहिला होता. हिरवं कापड, पिवळा काठ. आणि त्या कापडाला चिकटून भाजलेल्या कांद्याची सालं होती.

"ही पोटली पट्ट्यात ओढली गेली," धर्मेंद्र म्हणाला. "पाइपाला बांधलेली असावी, गाठ सुटली. अंकल, मी दहा वर्षांपासून या लाइनमध्ये आहे. बोनटमध्ये कांदा पहिल्यांदा पाहून राहिलो. हे कोणी ठेवलं?"

आमच्याकडे उन्हात बाहेर निघताना खिशात कांदा ठेवतात. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागत नाही. माझी आई ठेवायची, देवरावची ठेवायची. आणि ते हिरवं लुगडं, पिवळ्या काठाचं, मी गुंजनच्या बारशाला शोभाताईच्या अंगावर पाहिलं होतं. आता ते फाटून त्याची पुसणी झाली होती. बुटीबोरीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी रजतनं काच धुवायचं पाणी भरायला बोनट उघडं ठेवलं असेल. पोराच्या खिशात कांदा ठेवला तर तो सुटाबुटात काढून फेकणार. मग शोभाताईनं तो गाडीच्याच खिशात ठेवला. गाडीलाही ऊन लागू नये म्हणून.

देवरावनं तो बोळा उचलला. रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला.

"अंकल, हमीचं तर आता..."

"समजलं."

नव्या इंजिनाचा आकडा धर्मेंद्रनं कागदावर लिहून सरकवला. तोंडानं सांगायची त्याला लाज वाटली असावी. त्या पैशात आरामशीन येते, लाकडांसकट.

"रिपोर्टमधी काय लिहिलं?" देवरावनं विचारलं.

"बाहेरची वस्तू. वस्तूचं नाव लिहायला आमच्याकडे जागा नाही."

"बरं हाय."

परत येताना त्यानं स्कूटर तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी थांबवली. दोन प्लेट सांगितल्या आणि एकीलाही हात लावला नाही. पोह्यांवरचा तर्रीचा तिखट रस्सा थंड होऊन त्याच्यावर तेलाची साय धरली.

"मारोती," तो म्हणाला, "जिंदगीभर तू बिनकामाचं खोटं बोलला. आज एक कामाचं बोल."

"रजतले खरं सांगून दे ना, गा. समजदार पोट्टा हाय."

"आज समजदार हाय. उद्या मस्कतच्या खोलीत एकटा पडन, तवा आठवन. मंग फोनवर एखाद्या दिवशी तिले बोलून टाकन. अन् ते बोलणं तिले मरेपर्यंत पुरन. तिनं त्याले जपाले कांदा ठेवला, अन् कांद्यानंच त्याले काढलं, हे तिले समजलं तं ती जगन का?"

"अन् तुले बोलला तं?"

"बापाले बोलते पोरगं. बाप असते कायले?"

मग मी विचार केला. म्हणालो, गोरेवाड्याच्या जंगलातून बिबट आला आणि बोनटवर झोपला. देवराव म्हणाला, भैताड आहेस. मी म्हणालो, ऊन एवढं होतं की इंजिनातलं लोखंड वितळून रस्त्यावर सांडलं आणि मागच्या टँकरवाल्यानं ते उचलून नेलं. तो म्हणाला, "मारोती, पोराले पटलं पायजे." शेवटी माझ्या तोंडून उंदीर निघाला. उंदरानं पट्टा कुरतडला. पट्टा तुटला. बस. एवढं लहान खोटं मी आधी कधी बोललो नव्हतो. तोंडात खडा आल्यासारखं झालं.

घरी कूलर सुरू होता. रजत नुकताच येऊन बसला होता, शोभाताई त्याला पन्हं देत होती. मी उंदीर सांगितला. देवराव मान खाली घालून बसला.

रजतनं पन्ह्यासाठी पुढं केलेला हात मागं घेतला.

"उंदीर आला कुठून?"

"वखारीतून," मी म्हणालो. आता दुसरीकडून कुठून आणू?

मग ते पोरगं बापाकडे वळलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच बोलला. "मी तुम्हाले म्हटलं होतं, बाबा. गाडी लाकडाच्या ढिगात ठेवू नका. बाहेर शेड बांधू, खाली सिमेंट टाकू. तुम्ही म्हणाले, लाकडाची सावली थंड राहते. म्हटलं होतं का नाही?"

"म्हटलं होतं," देवराव म्हणाला.

"अन् मले म्हणाले, मी पळवली."

"हाव. म्हणालो."

"आरामशिनीवर कर्ज काढून इंजिन टाकता येते," रजत म्हणाला, आणि मग स्वतःच मान हलवली. "नाही. ठरलं तेच. मी मस्कतले फोन करतो."

तो खोलीत गेला. शोभाताई पन्ह्याचा ग्लास धरून तशीच उभी होती. मग तिनं तो ग्लास देवरावसमोर आपटला नाही, नीट ठेवला.

"माझं पोरगं जेवाले बसत होतं," ती म्हणाली. "तुमच्या लाकडानं त्याले घालवलं."

मी देवरावकडे पाहिलं. त्याचा हात खिशावर होता. तो बोळा बाहेर काढेल की काय असं मला वाटलं.

"हाव," तो म्हणाला. "माह्यामुळंच झालं."

रजत जूनच्या आधीच गेला. विमानतळावर बापाच्या पाया पडला, पण वाकताना हात पायापर्यंत पोहोचला नाही. लाल गाडी ट्रकवरून परत आली आणि ताडपत्रीखाली गेली. तिच्या इंजिनाचे तुकडे खोक्यांत भरून दिले होते. मोबाइलवर आता संध्याकाळी दोन चेहरे दिसायचे. शोभाताई दोघांशी बोलायची आणि मोबाइल देवरावकडे न देता ठेवून द्यायची.

देवरावशी ती एकच गोष्ट बोलायची. सकाळी उठून विचारायची, "सापडला का?"

सापडणार कुठून! आमच्या वखारीत उंदीर नव्हताच. लाकडाच्या भुशावर कोणता उंदीर पोट भरेल? पण तिनं पिंजरा आणायला लावला. त्यात भजं लावायला लावलं. देवरावनं थप्प्या हलवल्या, एकेक ओंडका बाजूला करून पाहिला. ज्या कोपऱ्यात त्याचा जुना सागवान होता तो कोपरा रिकामाच होता, तोही त्यानं खणून दाखवला. अंगात बनियन, डोक्यावर ओला दुपट्टा, त्या वयात तो नसलेल्या उंदराचं बीळ शोधत होता आणि ती दारात उभी राहून पाहत होती. रोज सकाळी पिंजऱ्यात भजं तसंच असायचं. ती पाहायची आणि म्हणायची, "तुमच्या मनातच नाही."

तो वाळत चालला. लाकडावर ठोकणं बंद झालं. लिलावाला गेला तर रिकाम्या हातानं परत यायचा. एका व्यापाऱ्यानं मला विचारलं, देवरावले ऐकू येत नाही का आताशा? मी म्हणालो, कानात मधमाश्यांनी पोळं केलं आहे, मध निघाला की पाठवतो. तो गेल्यावर मला माझंच हसू आलं नाही.

म्हणून मी इतवारीच्या बाजारात गेलो. तिथं पिंटू म्हणून एक दाणेवाला आहे, त्याच्या गोदामातले उंदीर मांजरांना शेपटीला धरून फिरवतात. मी त्याला म्हणालो, एक दे, मोठा पाहून दे, आपल्याला गाडी खाणारा पाहिजे. त्या कंजूष माणसानं मला बोटभर पिल्लू दिलं. म्हणाला, मोठे ओळखीचे आहेत, देत नाही.

पहाटे मी तो उंदीर पिंजऱ्यात सोडला आणि बाकावर जाऊन बसलो. देवराव आला. त्यानं पिंजरा पाहिला, मग मला पाहिलं. आत जाऊन बायकोला हाक मारली.

शोभाताई आली. पदर सावरून पिंजऱ्यासमोर खाली बसली. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, चप्पल घेईल. ती नुसती पाहत राहिली. उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, त्याचं पोट धडधडत होतं.

"इतकुसा?" ती म्हणाली.

मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, मी त्या दिवशी बोनटमधी कांदा बांधला होता. म्हटलं, पोराले ऊन लागू नये, गाडीलेबी लागू नये. यानं तोबी खाल्ला असन, नाही?"

मी पिंजऱ्याच्या तारा मोजायला लागलो. देवराव म्हणाला, "खाल्ला असन."

"पण पोराले काही झालं नाही. एवढ्या उन्हात उभा राहिला, पण लू लागली नाही." तिनं पिंजऱ्यातलं भजं बोटानं त्या पिल्लाकडे सरकवलं. ते मागं सरलं. "मारू नका याले. कळमन्याच्या बाजारात सोडून द्या, तिथं दाणा हाय. याले काय समजते, कोणाचं काय कुरतडलं ते. बिचाऱ्यानं काही मुद्दाम नाही केलं."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि तिथून देवरावकडे वळून पाहिलं.

"उंदराले नाही समजत, तुम्हाले तं समजाले पायजे होतं," म्हणाली, आणि आत गेली.

देवरावनं स्कूटर काढली. मी पिंजरा मांडीवर घेऊन मागं बसलो. कळमन्याला धान्याच्या पोत्यांपाशी त्यानं पिंजऱ्याचं दार उघडलं. पिल्लू बाहेर निघेना. देवराव उकिडवा बसून वाट पाहत राहिला, आणि मी म्हणालो, "चल गा, ऊन वाढून राहिलं." तो म्हणाला, "थांब थोडं. घरी जाऊन तरी काय करू?"